प्रतिसाद: पहिला दिवस मालागालाच द्या
स्पेनमध्ये दुपारी मालागाला उतरून त्याच संध्याकाळी ग्रानादा शहरातला अल्हाम्ब्रा हा किल्ला-महाल बघायचा तुमचा बेत वाचला. सोबत मुलं आणि आजी-आजोबा आहेत, तर कृपया नको! तिथल्या नासरी राजवाड्यांच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते. विमानाला उशीर झाला की सगळंच हुकलं.

विमानतळावरून सी-१ लोकल १५ मिनिटांच्या आत गावात पोचवते. जूनमध्ये रात्री ९.३० पर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी सगळ्यांनी खुशाल झोपा. ऊन उतरलं की मालागातल्याच पेद्रेगालेहो भागातल्या किनाऱ्यावर जा. तिथे वाळू भरलेल्या होडीत लाकडं पेटवून काडीला ओवलेल्या तारल्या भाजतात. अहाहा, काय चव! शाकाहारी मंडळींसाठी उसाची काकवी घातलेली तळलेली वांगी. बऱ्याच ठिकाणी रात्रीचं जेवण ८ नंतरच मिळतं, म्हणून मुलांपुरता खाऊ जवळ असू द्या.