मदत हवी आहे : मेलेला भाऊ जिवंत कसा?

रातपाळी : दुसरा भाग काल रात्री सुरू केला आणि पहिल्याच प्रकरणात डोकं भंजाळलं. नायिकेचा भाऊ मेला होता ना? घरी तसं कळवलं, रडारड झाली. आता तो आगगाडीत हिच्याबरोबर आहे आणि कुणाला त्याचं काहीच नाही! शिवाय ती नावांची यादी कुणाची? पटकन सांगा, पुढे सरकत नाहीये. पुढचं फोडू नका.

खारी_बटर : पुस्तक कुठलं?

रातपाळी : राजवाड्यात अडकलेली बंडखोर मुलगी, विजेवाली. सगळ्यांनी वाचलंय ते.

निवांत_काकू : माझ्या लेकीचं अर्धं कपाट असल्याच पुस्तकांनी भरलंय. राजवाडा, बंड आणि मुखपृष्ठावर मुकुट. जरा नाव सांगशील का बाळा?

रातपाळी : काकू, कव्हर लावलंय, ते काढायला उठावं लागेल. लाल रक्ताचे गरीब, चंदेरी रक्ताचे आणि अंगात शक्ती असलेले राज्यकर्ते. धाकटा राजपुत्र दगा देतो.

सदू_पुस्तके : 'ग्लास सोर्ड', २०१६. व्हिक्टोरिया एव्हयार्डच्या 'रेड क्वीन'चा दुसरा भाग. पण तो भाऊ, शेड, पहिल्या भागाच्या शेवटीच परत येतो की! शेवट वाचलात ना?

रातपाळी : वाचला हो. मेअर, म्हणजे ती विजेवाली, आणि थोरला राजपुत्र कॅल यांना रिंगणात मरायला सोडतात, तिथे संपतं.

खारी_बटर : तिथे नाही संपत. शेवटचं वाक्य बघा बरं.

रातपाळी : अर्धंच आहे, पूर्णविराम पण नाही. पुढचा भाग यायचाय म्हणून मुद्दाम तसं ठेवलं असेल. फुटपाथवरून घेतलंय, जुनं.

सदू_पुस्तके : पानं गळालीत मग. घ्या. शेडला मारलं ही थाप होती. रक्त लाल असूनही त्याच्या अंगात शक्ती आहे, इथून नाहीसा होऊन तिथे उगवतो. त्यामुळेच निसटला आणि स्कार्लेट गार्ड या बंडखोरांच्या संघटनेला जाऊन मिळाला. गार्डवाले मेअर-कॅलला रिंगणातून सोडवतात. ती भुयारी गाडीत शुद्धीवर येते, तर हा समोर! यादी ज्युलियनची. तो कॅलचा सख्खा मामा आणि राजवाड्यात मेअरचा शिक्षक. मेअरसारखे आणखी कोण आहेत, ते त्याने रक्ताच्या नोंदी चाळून काढलं. ती नावं मेव्हनकडेही आहेत, तोच दगाबाज धाकटा राजपुत्र. मेअरला ती माणसं आपल्या बाजूने हवीत, त्याला मेलेली हवीत.

निवांत_काकू : कॅलच्या आईवर 'क्वीन साँग' नावाची छोटी कथा आहे, ती आधी वाच. मेव्हनची आई, राणी एलारा, काय चीज आहे ते त्याशिवाय कळायचं नाही.

सदू_पुस्तके : काकू, तिला भावाचं विचारायचं होतं.

पेशवेकालीन : परदेशी राजवाडे कशाला हवेत? ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. पगार थकलेले गारदी आत घुसतात, नारायणराव राघोबादादांच्या कमरेला मिठी मारतो, तरी वाचत नाही. रामशास्त्री भर दरबारात काकाला दोषी धरतात. मग बारभाई गंगाबाईंना पुरंदरावर नेतात आणि अजून न जन्मलेल्या मुलाच्या नावाने कारभार चालवतात. पुढे चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं! आहे का असं राजकारण त्या विजेवालीकडे?

खारी_बटर : तिथे काका-पुतण्या. इथे सावत्र भाऊ, आणि बापाचा जीव थोरल्याच्याच हातून घेववला. जवळचं उदाहरण हवं तर औरंगजेब आणि दारा, १६५८.

पेशवेकालीन : औरंगजेबाने बापाला मारलं नाही, आग्र्याला कैदेत ठेवलं. आठ वर्षं.

खारी_बटर : मी कुठे म्हटलं मारलं म्हणून?

जांभळा_पेन : खरं सांगू? दुसरा भाग सोडून द्या. विमानाने या गावातून त्या गावात माणसं गोळा करायची आणि मध्ये मध्ये मेअरचं 'माझं कुणी नाही'. मी पन्नास पानं गाळली, काही अडलं नाही.

निवांत_काकू : सतरा वर्षांच्या मुलीने काय करायचं मग? ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच गादीसाठी विकलं तिला. मला तर दुसऱ्याच भागात ती खरी वाटली. आपल्याच माणसांशी तुसडी वागते, तेही बरोबर आहे.

रातपाळी : भांडण नंतर! भाऊ आता कायमचा परत आला ना? मला तोच आवडतो, निदान विनोद तरी करतो.

जांभळा_पेन : फार जीव लावू नका त्याला.

सदू_पुस्तके : अहो!! 'फोडू नका' पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय तिने.

जांभळा_पेन : मी काय सांगितलं? सल्ला दिला फक्त.

रातपाळी : छान. वाट लावली. सदू, त्या गळालेल्या पानांचे फोटो मिळतील का?

सदू_पुस्तके : माझी प्रत भाची घेऊन गेलीय. रविवारी येते, तेव्हा टाकतो. तोवर दुसरा भाग चाळू नका, विशेषतः तुरुंगाच्या पुढे.

रातपाळी : कुठला तुरुंग???