मालवणातला रोजचा दिवस : तुमचे अनुभव सांगा

मालवणात पाहुणा येतो, किल्ला बघतो, तारकर्लीला डुंबतो, सुरमईचं ताट जेवतो आणि परततो. मला या गावाचं सुख त्यापलीकडच्या साध्या दिवसांत दिसतं. इथे राहणाऱ्यांनी, माहेरवाशिणींनी, बदलीवर आलेल्यांनी आपापलं लिहावं, वर आपली वाडी किंवा गाव टाकावं. सुरुवात मी करते.

आमचं घर दांडीला. सकाळी किनाऱ्यावर माणसं जमली की रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली हे घरातूनच कळतं. होडी जाळं सोडत सोडत अर्धा वळसा घेऊन पुन्हा किनाऱ्याला येते. मग दोन्ही टोकांचे दोर दोन बाजूंनी ओढायचे. ओढायला कोणीही हात लावावा, नको कोणी म्हणत नाही. जाळं पायापाशी येईपर्यंत आत तारली आहे, बांगडा आहे की नुसता कचरा, हे जुन्या रापणकरालाही सांगता येत नाही. शेवटच्या दहा-बारा हातांना सगळ्यांचा आवाज चढतो, तो मला फार आवडतो. मग वाटे पडतात, आणि दोराला लोंबकळलेल्या पोराच्याही हातात चार मासे येतात. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या यांत्रिक बोटी आल्यापासून रापणीची मासळी घटली, असं आमचे रापणकर सांगतात. रापण टिकायला हवी, कारण अख्खी वाडी एका दोराला लागते असं दुसरं काम आता उरलेलं नाही.

भरड, बदलीवर आलेली शिक्षिका
मी लातूरची. मासे खायचे, घ्यायचे, काहीच माहीत नव्हतं. बाजारातल्या एका मावशींनी कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवला आणि म्हणाल्या, "ह्या बघ, मगे घे." बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालायची, हेही त्यांनीच शिकवलं. आता मी शनिवारी सकाळची शाळा सुटली की आधी त्यांच्याकडे जाते. घेतलं नाही तरी दोन शब्द बोलून येते.

कट्टा
माझं सुख दशावतारात. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमारास पेटी आणि मृदंग लागतात. आधी आडदशावतार, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर, आणि मग मुख्य आख्यान. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली असते, बाकी समोरच्याच्या शब्दाला तिथल्या तिथे उत्तर. दिवसा शेतात भेटणारा माणूस रात्री लुगडं नेसून द्रौपदी होतो आणि त्याचा विलाप ऐकून बायका खरोखर डोळे पुसतात. जत्रेत मालवणी खाजा घ्यावा, आलं-गुळाचा, आणि पहाटेपर्यंत बसावं.

वायरी
पावसाळा. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या झापांखाली. तेव्हा मे महिन्याची मेहनत कामी येते. कोकमाच्या साली त्यांच्याच रसात मीठ घालून भिजवायच्या, उन्हात घालायच्या, परत भिजवायच्या, अशी सोलं होतात. वर भाजलेला सुका बांगडा, कुळथाची पिठी आणि गरम भात. बाहेर समुद्र गर्जत असतो, आणि घरात सगळे एकत्र जेवतात. वर्षातलं माझं आवडतं जेवण तेच.

पुणे, माहेर मेढ्यात
मी नारळी पौर्णिमेला गावात असतेच. समुद्राला नारळ वाहायला सगळी पेठ जेट्टीवर येते. त्यानंतर नारळ लढवायचे. एकीने हातात धरायचा, दुसरीने आपल्या नारळाने ठोकायचा, फुटला ती हरली. पूर्वी हा खेळ पुरुषांचाच मानत, आता बायकांच्या स्पर्धा होतात आणि गर्दी तिथेच जास्त. आजीने शिकवलं होतं, लहान, गोल, जाड करवंटीचा नारळ निवडायचा आणि टोकाकडून मारायचा. वहिनी आणि मी यंदाही उतरणार. ज्या येणार असतील त्यांनी कळवा, नारळ आमच्या परड्यातले आहेत.