मदत हवी आहे : विहिरीची नोंद नाही, थेट खरेदीला संमती द्यावी का?

नमस्कार. अमरावती जिल्ह्यात वडिलांच्या नावे आमचे ५ एकर वावर असून त्यातले दीड एकर एका सिंचन प्रकल्पाच्या वितरिकेत (कालव्याच्या फाट्यात) जाणार आहे. संयुक्त मोजणी मागच्या महिन्यात झाली. तिच्या अहवालात वीस वर्षांपासून ओलिताखाली असलेले हे वावर कोरडवाहू दाखवले आहे, कारण विहिरीची नोंद सातबाऱ्यावर कधी घेतलीच गेली नाही. (चूक आमचीच. विहिरीला पाणी लागल्याच्या आनंदात तलाठ्याकडे जायचे कोणाच्या लक्षात राहते?) संत्र्याची झाडे मात्र त्याच अहवालात मोजलेली आहेत, म्हणजे कोरडवाहू वावरात संत्र्याची बाग उभी असल्याचे सरकारी कागदच सांगतो आहे.

आता थेट खरेदीने, म्हणजे सक्तीच्या संपादनाऐवजी राजीखुशीने खरेदीखत करून जमीन दिल्यास २५ टक्के रक्कम वाढवून मिळेल, तेव्हा संमतीपत्र द्या, असा आग्रह सुरू आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्याला गुणांक लावून, त्यात झाडे व विहिरीचे मूल्य मिळवून, होणाऱ्या बेरजेइतकीच दिलासा रक्कम वर दिली जाते. म्हणजे पायाचा दरच कोरडवाहू धरला गेला, तर वरचे २५ टक्केही त्या पडलेल्या दरावरच मिळणार. थेट खरेदी न करता निवाडा (सक्तीच्या संपादनात मोबदला ठरवणारा आदेश) झाल्यास रक्कम आक्षेप नोंदवून उचलता येते आणि कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याची मागणी करता येते. आक्षेप न नोंदवता उचलली तर तो हक्क जातो. राजीखुशीने खरेदीखत करून दिल्यावर ही वाट उरत नाही, असे आमच्या ओळखीचे वकील सांगतात.

कृषिपंपाची जुनी वीजबिले आणि काही वर्षांच्या पीक पाहणीतील संत्र्याच्या नोंदी आमच्याकडे आहेत. तेवढ्यावर फेरमोजणी मागता येईल का, आणि तो अर्ज भूसंपादन अधिकाऱ्याकडे करावा की भूमी अभिलेख कार्यालयात?

शिवाय वितरिका वावराच्या मधून जात असल्याने विहीर अलीकडे आणि पाऊण एकराचा तुकडा पलीकडे राहतो. तिकडे पाणी न्यायचे कसे, बैलबंडी न्यायची कुठून, याचे उत्तर नकाशात नाही. जमिनीचे तुकडे पडल्याने होणारे नुकसान कलम २८ प्रमाणे निवाड्यात धरावे लागते. थेट खरेदीत ते कोणाला मिळाले आहे का? समृद्धी महामार्गात किंवा कालव्यात ज्यांची वावरे अशी दुभंगली, त्यांनी खरेदीखतात पाइपलाइन व वहिवाटीबद्दल काय लिहून घेतले, हे कृपया सांगावे. वडील सोमवारी सहीला जायचे म्हणतात.