शेपूट हलत होतं, तरी अंगावर का आलं?

मंगळवारपेठकर: आमच्या तालमीच्या पायरीवर एक तांबडं कुत्रं पडून असतंय. वर्षभर चपाती टाकतोय, चांगली ओळख आहे. काल ते खात असताना वाकून डोक्यावर हात फिरवायला गेलो, तर दात विचकून अंगावरच आलं. शेपूट तर हलत होतं की! पँट फाटली, पोटरीला खरचटलंय.

मोतीची आई: शेपूट हलतंय म्हणजे खूश, असं नसतंय दादा. कमरेसकट ढिलं हलणारं वेगळं, ताठ उभं राहून नुसतं टोक थरथरणारं वेगळं. आमची मोती आधी खायची थांबते, अंग दगडासारखं करते, मान न वळवता तिरकं बघते. डोळ्याचं पांढरं दिसलं की मी मागं सरते. गुरगुर त्यानंतरची. त्यासाठी कधी मारू नका, नाहीतर पुढच्या वेळी न सांगताच चावेल.

मंगळवारपेठकर: चघळायचं थांबलं होतं खरं. मला वाटलं, लाजलंय.

रंकाळा फेरी: भावा, ते राहू दे. जखम साबणानं नळाखाली 15 मिनिटं धुतलीस का? हळद, चुना काही लावू नको. रक्त आलं नसलं तरी रेबीजची लस आजच घे, रक्त आलं असेल तर सीरमचंही (जखमेत देतात ते तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) विचार. पुढं खाताना हात लावू नको. एरवी बाजूला बस, ते हुंगायला आलं तर छातीला खाजव.

मंगळवारपेठकर: धुतलंय. सीपीआर दवाखान्यात निघालोय. बायको पँटचं विचारतीय.