मिठीकाठी पक्षी बघायला भाचीला न्यायचंय. किती वाजता जाऊ?

चुनाभट्टीची मावशी
दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याहून भाची येतेय. सहावीत आहे, पक्ष्यांची वही ठेवते. तिला मुंबईतली नदी बघायचीय, म्हणजे आपली मिठी. घरचे म्हणतात, त्या नाल्यावर पोरीला कशाला नेतेस? पण बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जाताना बसमधून पुलाखाली मला रोज बगळे दिसतात. तिला फ्लेमिंगो हवे आहेत. कुठे उभं राहायचं, कधी जायचं?

तिवरकाठ
ताई, अवश्य न्या. मिठीला नाला म्हटलं की मला वाईट वाटतं. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी ती नदी आहे. आपण तिची दशा केली हे खरं. पण खालच्या अंगाला समुद्राचं पाणी आजही दिवसातून दोनदा आत शिरतं आणि ओसरलं की चिखल उघडा पडतो. थंडीचे पाहुणे त्या चिखलासाठी येतात.

म्हणून वेळ घड्याळावर ठरवू नका, तिथीवर ठरवा. कोळ्यांचा हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तृतीया धरा. तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती, आणि त्याआधी सहा तासांवर, सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. खाडीत आत थोडा उशीर होतो, तेवढा धरून चाला. साडेसातला पोचलात तर पाखरं लांब पांगलेली असतील. तेव्हा निघून येऊ नका! पाणी चढायला लागलं की चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो आणि सगळी काठाकडे सरकतात. नऊ ते साडेदहा हा खरा वेळ. याउलट अष्टमीला गेलात तर सहालाच भरती, सकाळी नुसतं पाणी बघून याल.

जागा म्हणाल तर धारावीच्या बाजूचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. कचऱ्याच्या डंपिंगवर झाडं लावून उभं केलेलं, १९९४ मध्ये लोकांना खुलं झालं. ते नदीच्या दक्षिण काठावर आहे, त्यामुळे पाण्याकडे तोंड केलं की सकाळचं ऊन उजव्या खांद्यामागून येतं आणि पाखराचे रंग नीट दिसतात. बीकेसीच्या काठावरून बघाल तर ऊन डोळ्यांवर. उद्यान उघडण्याची वेळ मात्र आधी फोन करून विचारा.

भाचीला तुतवार आधी दाखवा. काठावरच्या दगडावर मातकट पाठीचं, पांढऱ्या पोटाचं, एकट्याने फिरणारं पाखरू, शेपटीकडचा भाग सारखा खाली-वर. पोटाचा पांढरा रंग खांद्यापुढे वर चढून एक टोक काढतो. ते टोक दिसलं की ओळख पक्की. उडतानाही पाण्याला लागून जातं, पंख ताठ ठेवून थरथरवत, बारीक टी-टी-टी करत. हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला वीण करून ते इथे येतं. ते त्या दगडावर दिसलं की माझा दिवस भरून पावतो.

शेकाट्याही दिसतील, लांबलचक गुलाबी पायांचे. ते काळ्या पाण्यातही तग धरतात, तेव्हा त्यांच्यावरून पाणी सुधारलं असं समजू नका. तिवरांच्या श्वासमुळांत प्लास्टिक अडकलेलं दिसेल. तेही तिला बघू द्या.

ऐरोलीची खाडी
फ्लेमिंगोंसाठी मिठी नव्हे, ठाणे खाडी. २०१५ पासून ते फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. पण दिवाळीत घाई होईल. मोठे थवे हिवाळा चढल्यावर जमतात, तेव्हा नाताळच्या सुट्टीत परत बोलवा तिला. ऐरोलीच्या केंद्रातून बोट सुटते, तीसुद्धा भरती बघूनच.

माहीमकर
परत येताना माहीम कॉजवेवर थांबा. कुरव, म्हणजे सीगल, आले असले तर पुलावरून दिसतील. एकच कळकळीची विनंती: शेव, गाठी टाकू नका. ते त्यांचं खाणं नाही.

चुनाभट्टीची मावशी
तृतीया नक्की केली. दुर्बीण आठपटीची आहे, चालेल? आणि वहीत काय लिहायला सांगू?

तिवरकाठ
आठपट उत्तम, त्यापेक्षा मोठी लहान हातात हलते. वहीत तारीख, वेळ, तिथी आणि पाणी चढतंय की उतरतंय एवढं आधी लिहू दे, मग पक्ष्याचं नाव. नाव नाही कळलं तर चोच आणि पायांचा रंग लिहून चित्र काढू दे, इथे टाका, मिळून ओळखू. कपडे मातकट रंगाचे घाला. फोटोसाठी तिवरांत उतरू नका, तिथला चिखल माणसाला धरून ठेवतो. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या वाढदिवसांच्या मधला. सुट्टी तोवर असेल तर दुसरी फेरीही मारा, मी येईन टेलिस्कोप घेऊन.