गाडीतून फोटो काढताना लेन्सला आधार कशाचा? बीनबॅग, क्लॅम्प की मोनोपॉड

खोकड_पुणे
नमस्कार मंडळी. पुण्याहून सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात अधूनमधून जातो, स्वतःचीच वॅगनआर. निकॉनची २००-५०० मिमी लेन्स सेकंडहँड घेतलीये, नुसती लेन्सच २.३ किलो, वर कॅमेऱ्याची बॉडी, चिंकारा मान वर करून बघेपर्यंत माझा दंड भरून येतो आणि नेमका तोच फोटो हलतो. ट्रायपॉड आहे पण गाडीत उघडायचा कुठे? खिडकीला लावायचा क्लॅम्प घेऊ, बीनबॅग (लेन्सखाली ठेवायची भरलेली पिशवी) घेऊ का मोनोपॉड (एका पायाचा स्टँड)? उन्हाळ्यात ताडोबाला पण जायचंय, तिथे जिप्सीत तेच चालेल का? बजेट दोनेक हजार.

माळावरचा
बीनबॅग. आणि विकतची घेऊच नका, जुन्या जीन्सच्या दोन पायांची शिवून घ्या, दोन कप्पे आणि मधे पट्टी, म्हणजे खोगिरासारखी दारावर बसते, एक कप्पा आत एक बाहेर, सरकत नाही. आत तांदूळ नाहीतर चवळी. थर्माकोलचे मणी हलके पडतात पण एवढी जड लेन्स त्यावर डुगडुगते, आणि वाळू भरलीत तर शिवणीतून गळून लेन्सच्या रिंगमधे जाणार. पूर्ण गच्च भरायची नाही, थोडी सैल ठेवा, तरच लेन्स आत रुतते. लेन्सच्या कॉलरचा, म्हणजे ट्रायपॉडला लावायच्या कड्याचा, पाय फिरवून वर घ्या, लेन्सची नळी सरळ बॅगवर टेकू दे. काच पूर्ण खाली करा हं, अर्ध्या काचेवर सगळं वजन टाकलं की आतली मशीन जाते, मग दोन हजाराच्या बजेटचं काय ते बघा.
आणि इंजिन बंद. हे आधी, बीनबॅग नंतर. चालू इंजिनाची थरथर दारातून थेट लेन्समधे येते.

भोवत्या
क्लॅम्प माझ्याकडे आहे, पडून आहे. एकदा आवळला की तुम्ही त्या खिडकीचे, चिंकारा रस्ता ओलांडून पलीकडे गेला की बसा स्क्रू फिरवत. शक्य असेल तर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि तुम्ही मागे बसा, दोन्ही खिडक्या मिळतात, स्टिअरिंग पोटात घुसत नाही.
दुसरं म्हणजे ऊन चढलं की माळावरून गरम हवा उठते. फोटो हललाय असं वाटतं पण हललेली असते ती हवा, त्याला बीनबॅग काय आणि जड लेन्ससाठीचा महागडा गिंबल हेड काय, काही करू शकत नाही. पहाटे जा, उन्हं तापायच्या आत आटपा. थंडीत हीटर लावून काच खाली केली तरी खिडकीतच तसल्या लाटा होतात, त्यामुळे स्वेटर घाला पण हीटर बंद.
आणि कृपा करून गाडी वाटेवरच ठेवा. टिटवी, चंडोल, धाविक, सगळ्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात. लांडगा दिसला की गाडी माळात घालणारे आपल्यातच आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्याला हाकणं हे पण शिकारीतच धरलंय.

चंद्रपूरकर
ताडोबाचं पाहा नं भाऊ, तिथं दारच नाही तर खोगीर कुठं टाकता? जिप्सी उघडी, सहा जण प्लस गाईड प्लस ड्रायव्हर, एकजण उठला की सगळी गाडी डोलते. जिप्सीच्या लोखंडी बारवर बीनबॅग ठेवता येते पण साधी चपटी पाहिजे. मी मोनोपॉड नेतो, पाय फ्लोअरवर नाही, सीटच्या फोमवर टेकवायचा, थरथर बरीच मरते. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर निवांत बसून राहतो, ड्रायव्हरला गाडी बंद ठेवायला सांगा आणि बाकीच्यांना गोड बोलून बसवा. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नका ठेवू, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) चढला तर चढू द्या. आणि वाघ रस्त्यानं समोरून आला तर ५०० मधे नुसतं नाकच येते, एखादी छोटी लेन्स हाताशी असू द्या.
बॅग रिकामी आणा, तांदूळ इथं भरा, जाताना देऊन टाका कोणाला.

माळावरचा
@चंद्रपूरकर मोनोपॉड स्वतःच्या कारमधे मात्र छताला आपटतो आणि गुडघ्यात येतो. कारला बीनबॅगच.

खोकड_पुणे
मस्त, धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे सुप्याला खोगीर, ताडोबाला मित्राचा मोनोपॉड मागतो. टेलरकडे जीन्स दिलीये, तो दोन वेळा विचारतोय की नक्की काय शिवायचंय. एक शंका, तांदूळ कायम आतच ठेवला तर पोरकिडे नाही का होणार?

माळावरचा
होतात की, पावसाळ्यात तर हमखास, आणि पार्किंगमधल्या गाडीत ठेवलीत तर उंदीर पण येतात. टेलरला तोंडाला चेन लावायला सांगा, नुसती शिवून बंद नको. आतमधे पातळ कापडाची वेगळी पिशवी केलीत तर अजून बरं, जूनमधे काढून धुता येते.