'भाषा निवडा' की 'भाषा बदला'?

परळला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांची राहायची सोय बघणाऱ्या एका संस्थेची वेबसाइट करतेय. भाषा चार: मराठी, हिंदी, बंगाली, इंग्रजी. वरच्या कोपऱ्यातल्या लिंकवर काय लिहावं? 'भाषा निवडा', 'भाषा बदला' की 'भाषांतर'?

• 'भाषांतर' नको. ते वाचून लोकांना वाटतं, यंत्राने केलेला मजकूर समोर येणार. साइट पहिल्यांदा उघडताना विचारणार असाल तर 'निवडा'. एका भाषेतून दुसरीकडे जायचं असेल तर 'बदला'.

• मी दोन्ही गाळेन. भाषा बदलायची गरज कोणाला पडते? ज्याला समोरची भाषा वाचता येत नाही त्याला. बंगालमधल्या मालद्याहून मुलाला घेऊन आलेल्या आईला 'भाषा बदला' कसं वाचता येईल? चारही नावं उघडी ठेवा, प्रत्येक आपापल्या लिपीत. बंगालीचं नाव बंगाली लिपीतच हवं. चारच तर आहेत, यादीत लपवू नका. आणि कृपा करून झेंडे लावू नका. तिरंगा मराठीचा, हिंदीचा की बंगालीचा?

• लिंकवर नुसतं 'मराठी' पुरे. मजकुराच्या ओघात सांगायचं असेल तर 'हे पान मराठीत वाचा'. 'मराठीमध्ये' चूक नाही, पण 'मराठीत' आटोपशीर.

• लिपी एकच म्हणून हिंदी मजकुरावर मराठी वाचकाची बोळवण करू नका. शीव स्टेशनची पाटी बघा, मराठीत 'शीव', हिंदीत 'सायन'. साइटच्या कोडमध्येही भाषा नोंदवा: मराठीला 'mr', हिंदीला 'hi'. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्यामुळे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात. इंग्रजी पानावरच्या 'मराठी' या एका शब्दालाही ही नोंद लावा, म्हणजे स्क्रीन रीडरला, अर्थात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, तो शब्द मराठी उच्चाराने वाचता येईल.

• एक राहिलंच. खोलीचे नियम वाचताना कोणी 'मराठी' दाबलं, तर तेच नियम मराठीत उघडले पाहिजेत. पुष्कळ साइट थेट मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. आधीच दमलेल्या माणसाने पुन्हा शोधाशोध का करायची?

• पटलं. चारही नावं उघडी ठेवते, वर शब्द काहीच नको. इंग्रजीचं नाव मराठी पानावरही रोमनमध्येच ना?

• हो, रोमनमध्येच.